भातुकली ते मिनिएचर किचन: आजीचं अख्खं स्वयंपाकघर दहा इंचांत कसं बसवायचं?

रील्स बघता बघता एखादा व्हिडिओ समोर येतो. बोटाच्या पेराएवढी कढई, टाचणीच्या डोक्याएवढे कांदे आणि नखावर मावेल एवढी पोळी. आपण तो व्हिडिओ तीनदा बघतो, मैत्रिणीला पाठवतो आणि मग गुगलवर शोधतो, की हे घरी कसं करायचं?

उत्तरं मिळतात, पण त्यातलं बहुतेक सगळं परदेशी स्वयंपाकघरांचं असतं. ओव्हन, केक स्टँड, गुलाबी फ्रिज. मांडणी नाही, पाटा-वरवंटा नाही, मिसळणाचा डबा तर नाहीच.

खरं तर छोट्या स्वयंपाकघराचं वेड मराठी घरांना नवीन नाही. आपल्याकडे त्याला भातुकली म्हणतात. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी बघू. हा प्रकार आला कुठून, आणि आपल्या ओळखीचं स्वयंपाकघर छोट्या आकारात नेमकं कसं उभं करायचं.

आधी थोडं विश्रामबागबद्दल

सांगली आणि मिरजेच्या मधोमध विश्रामबाग आहे. विलिंग्डन कॉलेज आणि वालचंद कॉलेज इथलंच. माझ्या आजीचं घरही इथेच होतं. 'होतं' म्हणायचं कारण, गेल्या वर्षी ते पाडून तिथे अपार्टमेंट उभारायचं ठरलं. घर रिकामं करताना भांडी वाटून झाली, कपाटं विकून झाली. शेवटी आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "याचा एक नीट फोटोसुद्धा नाही बघ आपल्याकडे."

खरंच नव्हता. लग्नाचे, बारशाचे, दिवाणखान्यातले फोटो होते. जिथे तिचे दिवसातले आठ-दहा तास गेले, त्या खोलीत कॅमेरा कधी गेलाच नव्हता.

मग आम्ही टेप घेऊन ती खोली मोजली. पुढची सगळी माहिती त्यानंतरच्या चार महिन्यांत केलेल्या प्रयोगांतून, चुकांतून आणि वाचनातून आली आहे.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा अनेक घरांची स्वयंपाकघरं पाण्याखाली गेली. भांडी घासून परत वापरता येतात, पण कुठल्या फळीवर काय होतं, हे सांगणारी माणसं कमी होत जातात.

भातुकली आणि डॉलहाऊस किचन यात फरक काय?

फरक आहे, आणि तो सुरुवातीलाच समजून घेतला तर पैसे वाचतात.

भातुकली ही हाताळण्यासाठी असते. पितळेची, तांब्याची, लाकडाची किंवा मातीची छोटी भांडी, चूल, जातं, उखळ, पाट. मुलांनी त्यात चुरमुरे, गूळ, दाणे घेऊन खोटा खोटा स्वयंपाक करायचा. त्यामुळे भांडी मुलांच्या मुठीत बसतील अशी असतात. हंडा दोन इंचांचा आणि ताटही दोन इंचांचं असलं, तरी कुणाची तक्रार नसते.

डॉलहाऊस किचन हे बघण्यासाठी असतं. तिथे सगळ्या वस्तू एकाच प्रमाणात लहान कराव्या लागतात. हंडा ताटापेक्षा जेवढ्या पट उंच असतो, तेवढाच इथेही असावा लागतो. प्रमाण चुकलं की डोळ्याला लगेच खटकतं.

आमची पहिली चूक हीच. मांडणी मापात बनवली आणि तिच्यावर ठेवायला बाजारातून पितळी भातुकलीचा संच आणला. एक तांब्या ठेवला आणि मांडणी भरली! आजी हसून म्हणाली, "एवढ्या मोठ्या तांब्यानं गावजेवण घालायचं का गं?"

तेव्हा आधी ठरवा. खेळायचं आहे की बघायचं? मुलांनी खेळायचं असेल तर भातुकलीचा संच उत्तम. आठवण जपायची असेल तर एकच प्रमाण धरावं लागेल.

हे वेड जगात कुठून आलं?

लहान आकाराची मातीची भांडी आणि खेळण्यातल्या गाड्या हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांतही सापडल्या आहेत. म्हणजे माणसाला छोट्या वस्तूंचं आकर्षण हजारो वर्षांपासून आहे.

युरोपात जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहराच्या नावाने ओळखली जाणारी खेळण्यातली स्वयंपाकघरं सतराव्या शतकापासून प्रसिद्ध होती. पुढची बाजू उघडी असलेली पेटी, मधोमध चूल आणि भिंतीभर भांडी अशी त्यांची रचना असायची. मुलींना घरकामाची ओळख व्हावी, हाही त्यामागचा एक हेतू.

या छंदातलं सर्वांत गाजलेलं घर म्हणजे इंग्लंडच्या क्वीन मेरीचं डॉलहाऊस. १९२४ मध्ये ते पूर्ण झालं आणि आज विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात विजेचे दिवे लागतात आणि नळाला पाणी येतं. त्याचा वास्तुरचनाकार कोण? एडविन ल्युटेन्स. नवी दिल्लीतलं राष्ट्रपती भवन ज्यांनी उभारलं, तेच. हे घर १:१२ या प्रमाणात आहे आणि आजही जगभरात हेच प्रमाण सर्वांत जास्त वापरलं जातं.

आपल्याकडे भातुकली मुलांच्या खेळापुरती राहिली नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आराशीत ती मांडली जाते. गौरी-गणपतीच्या सजावटीत दिसते. लग्नातल्या रुखवतात तर छोटा संसारच मांडलेला असतो. तमिळ घरांतही 'चोप्पु सामान' नावाने असाच संच असतो. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि फळं महाराष्ट्रभर जातात. आणि दिवाळीत किल्ला करणाऱ्या प्रत्येक मुलाने, नकळत का होईना, मिनिएचरचं काम केलेलंच असतं.

१:१२ म्हणजे काय? सोप्पं गणित

खऱ्या वस्तूचं माप भागिले १२. आणि एका फुटात इंच किती? १२. म्हणून नियम एका ओळीचा आहे: खऱ्यातला एक फूट म्हणजे छोट्यातला एक इंच.

आजीचं स्वयंपाकघर १० फूट बाय ८ फूट होतं. म्हणजे आमची पेटी १० इंच बाय ८ इंच. भिंत १० फूट उंच, म्हणजे १० इंच. बाकी काही मापं अशी:

- ओटा: साधारण ३३ इंच उंच, म्हणजे पावणेतीन इंच
- भांड्यांची मांडणी: ३ फूट उंच, म्हणजे ३ इंच
- घरगुती गॅस सिलिंडर: सुमारे २ फूट उंच, म्हणजे २ इंच
- जेवणाचं ताट: १२ इंच, म्हणजे १ इंच
- ओट्यामागची पांढरी टाइल: ६ इंच, म्हणजे अर्धा इंच
- पोळी: ८ इंच, म्हणजे जेमतेम १७ मिलिमीटर
- भिंतीवरचं कॅलेंडर: दीड फूट, म्हणजे दीड इंच

एक छोटी पट्टी आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. खोली उरली नसेल आणि फक्त फोटो असेल, तर फोटोतली ओळखीच्या मापाची एखादी वस्तू शोधा. सिलिंडर किंवा टाइल सापडली की त्यावरून बाकीच्या मापांचा अंदाज काढता येतो.

काळ आधी ठरवा, मग सामान

स्वयंपाकघर कुठल्या सालचं आहे, हे ठरवल्याशिवाय सजावट सुरू करू नका. नाहीतर घोळ होतो.

भिंतीवर कालनिर्णय लावायचंय? ते १९७३ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या स्वयंपाकघरात ते लावलं तर चूक. इंडेनचं पहिलं गॅस कनेक्शन १९६५ मध्ये कोलकात्यात दिलं गेलं. म्हणजे १९६० सालच्या सांगलीतल्या घरात इंडेनचा सिलिंडर ठेवता येणार नाही. तिथे चूल, शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह हवा.

काळानुसार साधारण अशी विभागणी करता येईल:

चुलीचं स्वयंपाकघर: चूल आणि तिला जोडलेला वैल, फुंकणी, सरपण, उतरंड, शिंकाळं, पाटा-वरवंटा, जातं, काठवट, पितळेचे डबे, बसायला पाट. जमीन शेणाने सारवलेली. सांगलीकडचं घर असेल तर शाळूच्या भाकरीची दुरडी हवीच.

स्टोव्ह आणि ओट्याचं स्वयंपाकघर: कडाप्प्याचा काळा ओटा, शहाबादी फरशी, कोनाडा, जाळीचं फडताळ, विळी, खलबत्ता, पितळेकडून स्टीलकडे सरकणारी भांडी.

गॅस आणि मिक्सरचं स्वयंपाकघर: पांढऱ्या टाइल्स, भिंतीवरची स्टीलची मांडणी, कुकर, मिक्सर, फ्रिजवर विणलेलं कव्हर, प्लास्टिकच्या बरण्या.

आजीचं दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्यात जाणारं होतं. म्हणजे मिक्सर आला होता, पण पाटा गेला नव्हता. खरी घरं अशीच असतात. सगळं एकाच दिवशी बदलत नाही.

जुन्या वस्तू प्रत्यक्ष बघायच्या असतील तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी भांडी आहेत. सांगली-कोल्हापूरकरांना कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय जवळ पडेल. तिथे जुनं गाव, त्यातली कामं आणि अवजारं पुतळ्यांमधून उभी केली आहेत.

सामान घरातच आहे

ऑनलाइन किट मिळतात, पण त्यात पोळपाट मिळणार नाही. ते आपणच करायचं. आम्हाला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

खोली: जाड पुठ्ठा किंवा ३ मिलिमीटर जाडीचं एमडीएफ. थर्माकोल नको. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे, शिवाय ते कडेने झिजतं आणि रंगातली रसायनं त्याला खातात.

कडाप्पा: काळा कार्डपेपर, त्यावर पारदर्शक वॉर्निशचे दोन हात. कडेला बारीक राखाडी रेघ ओढली की दगडाची जाडी दिसते.

ताटं आणि वाट्या: गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियमची फॉइल दहा रुपयांच्या नाण्यावर दाबून घ्या. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे सुमारे पावणेतेरा इंची मोठं ताट तयार. टिचबटणाची खोलगट बाजू ही अगदी मापातली वाटी आहे.

ड्रॉवर: काडेपेटी. तिचा आतला भाग सरकतोसुद्धा. १:१२ मध्ये तो सुमारे दोन फुटी ड्रॉवर होतो.

पाटा-वरवंटा, चूल, खलबत्ता: शाडूची माती किंवा एम-सील. एम-सील लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच मळा आणि हातमोजे घाला.

मांडणी आणि पाट: आइस्क्रीमच्या काड्या, बारीक पॉलिश पेपरने घासून.

पदार्थ: कॉर्नफ्लोअर आणि पांढरा फेव्हिकॉल समप्रमाणात, त्यात थोडं तेल आणि चार थेंब व्हिनेगर. मंद आचेवर हलवत गोळा होईपर्यंत शिजवा. थंड झाल्यावर मळा. ही माती वाळताना थोडी आक्रसते, म्हणून वस्तू किंचित मोठी करा. त्यासाठी वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

धान्याच्या डब्यात खरं धान्य घालू नका

इथे प्रमाण पुन्हा महत्त्वाचं ठरतं. तांदळाचा दाणा ६-७ मिलिमीटर लांब असतो. छोट्या स्वयंपाकघरात तो तसाच टाकला तर तीन इंची दिसेल, जणू ताटात केळी वाढलीत! भातासाठी बारीक रवा घ्या. मोहरीचा दाणा साधारण २ मिलिमीटरचा, म्हणजे इथे तो आवळा. खसखस म्हणजे छोटी बोरं.

सांगलीकर असाल तर ओट्यावर भडंगाची परात ठेवा. पिवळसर रंगवलेला रवा, त्यात लाल रंगाचे चार ठिपके, पुरे झालं.

फक्त एक लक्षात ठेवा. अन्नाचे कण तसेच ठेवले तर मुंग्या आणि कीड लागते. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून, वाळवून वरून वॉर्निश द्या.

आणि हळद? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे मिसळणाच्या डब्यात ती हवीच. पण रंग म्हणून खरी हळद वापरू नका. हळदीचा रंग उजेडात उडतो. आमची हळद दोन महिन्यांत फिकी पडली. ॲक्रिलिक रंग बरा.

खरं दिसण्यासाठी थोडं मळवा

नवं कोरं मिनिएचर दुकानातल्या शोकेससारखं दिसतं. स्वयंपाकघर वापरलेलं दिसायला हवं. त्यासाठी:

- चुलीच्या किंवा स्टोव्हच्या मागच्या भिंतीवर कोळशाची पूड बोटाने वरच्या दिशेने चोळा. धूर वर जातो, खाली नाही.
- गॅसमागच्या टाइल्सच्या फटींत पातळ चहाचा हात फिरवा. तेलकट पिवळेपणा येतो.
- पितळी रंगाच्या भांड्यांच्या बुडाला थोडा काळा रंग द्या. आतून चंदेरी रंगवा, म्हणजे कल्हई केलेली वाटेल.
- पोळपाटाच्या मधोमध रंग थोडा घासून काढा.
- सगळ्या भांड्यांची तोंडं एका रेषेत लावू नका. एक झाकण कलतं, एक फडका लोंबता.

उजेडासाठी एकच छोटा एलईडी वर लावा, तोही पिवळसर. जुन्या बल्बचा उजेड तसाच असायचा.

लहान मुलं घरात असतील तर हे वाचाच

हा भाग गंमतीचा नाही.

बटण बॅटरी: मिनिएचरच्या दिव्यांत बहुतेक वेळा नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. बॅटरीचा कप्पा स्क्रूने बंद होणाराच घ्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. वापरलेल्या बॅटऱ्याही मुलांच्या हाती लागू देऊ नका.

छोटे तुकडे: तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा धोक्याचा मानला जातो. १:१२ स्वयंपाकघरातली जवळजवळ सगळी भांडी त्यात मावतात. म्हणजे ही वस्तू काचेआड किंवा उंच फळीवर.

खेळण्यांचा नियम: १४ वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकलाकारांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. डॉलहाऊसच्या अनेक किटवर '१४+' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ते मुलांचं खेळणं नाही.

जुना रंग, जुनी भांडी: घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरच्या जुन्या डब्यातला रंग त्याआधीचा असू शकतो. तो वापरू नका. आणि पणजीची पितळी भातुकली कितीही गोड दिसली, तरी कल्हई नसलेल्या त्या भांड्यात शिजवलेलं मुलांना खायला देऊ नका.

सर्वांत महत्त्वाचं सामान: विचारायला माणूस

पुठ्ठा, रंग, गोंद सगळं मिळतं. पण साखरेचा डबा कुठे असायचा, हे दुकानात मिळत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी ज्या व्यक्तीचं स्वयंपाकघर आहे, तिच्याशी बोला. आम्हाला उपयोगी पडलेले प्रश्न:

- सकाळी आत गेल्यावर पहिलं काय हातात घ्यायचीस?
- रोज लागणारं कुठे आणि सणाला लागणारं कुठे?
- मुलांपासून लपवून काय आणि कुठे ठेवायचीस?
- तू कुठे बसून जेवायचीस?
- काय नव्हतं, जे हवं होतं?

पहिल्या प्रश्नाला आजीने उत्तर दिलं, "काडेपेटी." ती ठेवायचा कोनाडा आम्ही केलाच नव्हता. मग भिंत कापून केला. लपवायच्या प्रश्नावर कळलं, की तांदळाच्या डब्यात वर्षानुवर्षं पैसे असायचे आणि ते आजोबांना माहीत नव्हतं. चौथ्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "बसून? ओट्यापाशीच असायचं ना. सगळ्यांचं झालं की."

बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढे स्वयंपाकघराची धूळ झटकताना ते ऐकायला मिळेल.

आणि सजावट म्हणजे फक्त नक्कल का?

नाही. डॉलहाऊस आपलं असतं, त्यात बदल करता येतो. फक्त काय खरं आणि काय आपण घातलेलं, हे पेटीच्या मागे कागदावर लिहून चिकटवा. साल, गाव, मापं आणि कुणाचं स्वयंपाकघर हेही लिहा. दहा वर्षांनी बघणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

आमच्या पेटीमागे एकच बदल लिहिलाय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना आजी म्हणाली होती, "ओट्यासमोर खिडकी नव्हती. चाळीस वर्षं भिंत बघून पोळ्या लाटल्या."

म्हणून ओट्यासमोर दोन इंच बाय तीन इंचांची खिडकी कापली. गज लावायला स्टेपलरच्या पिना घेतल्या. खिडकीबाहेर काय दाखवायचं, असं विचारलं तर ती म्हणाली, "काही नको. उजेड आला तरी पुष्कळ आहे."

आता ती पेटी तिच्या नव्या फ्लॅटमध्ये आहे. तिथे ओट्यासमोर खिडकी आहे. पेटी तिने त्याच खिडकीशेजारच्या उंच फळीवर ठेवून घेतली आहे.